शिकरणातले काळे ठिपके

शिकरणासाठी केळ्याचे काप करताना मधोमध बारीक काळे ठिपके दिसतात. दाताखाली येत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कुणी पाहत नाही. त्या बिया आहेत; बी होता होता राहिलेल्या. परागकण पोचून बीज धरण्याची वाट न बघताच फळ गराने भरलं. मग बीच नाही, तर दरवर्षी हजारो हेक्टरवर केळी उभी राहते कशी?

उत्तर रावेर-यावलच्या शेतात कुदळीने दोन हात उकरलं की सापडतं. सत्यनारायणाच्या चौरंगाला आपण जे खांब बांधतो ते केळीचं खोड नव्हेच. ती एकमेकींत गच्च बसलेल्या पानांच्या आवरणांची गुंडाळी आहे. खरं खोड म्हणजे मातीतला कंद. त्याच्यावरच्या डोळ्यांतून पिलं फुटतात, त्यांना मुनवे म्हणतात. जाणता शेतकरी अरुंद, तलवारीसारख्या पानांचा मुनवा निवडतो. कोवळेपणीच रुंद पानं पसरून बसलेला मुनवा दिसायला गोजिरा, पण आईच्या कंदाशी त्याची जोड कच्ची असते, म्हणून तो काढून टाकायचा. केळ एकदाच निसवते. घड उतरला की तिचं आयुष्य संपतं, आणि शेजारी राखलेल्या पिलाची पिलबाग होते.

या पिलाला बाप नाही. त्याच्या पेशींतली गुणसूत्रं आईचीच, जशीच्या तशी. उसाच्या कांडीवरचा डोळा, हळदीचा गड्डा, पानाच्या कडेला रोपं फुटणारी अंगणातली पानफुटी, पावाच्या पिठातल्या यीस्टच्या पेशीला येणारी कळी, सगळ्यांची रीत हीच. पुस्तकात तिला अलैंगिक प्रजनन म्हणतात. मला मात्र केळीच्या बाबतीत प्रजनन हा शब्दच थोडा खटकतो. नवं कुणी जन्माला येतच नाही. जुनंच झाड जागा बदलून जगत राहतं.

केळीवर ही पाळी आली ती गुणसूत्रांच्या हिशेबामुळे. रानटी केळीत ती २२ असतात, अकराच्या दोन संचांत. बीजपेशी तयार होताना त्यांची सरळ वाटणी होते. आपल्या बाजारातल्या केळीत तीन संच आहेत, ३३ गुणसूत्रं. तिघांच्या जोड्या लागत नाहीत, वाटणी फसते, बी धरत नाही. माणसाला मात्र हीच वांझ केळ आवडली, कारण फळात नुसता गर. न्यू गिनीत कुक नावाच्या दलदलीत केळी लावल्याच्या साडेसहा हजार वर्षांहून जुन्या खुणा सापडल्या आहेत. तेव्हापासून कंद हातोहात फिरत राहिले.

आपली बसराई आणि ग्रँड नैन या दोघी कॅव्हेंडिश कुळातल्या. हे नाव इंग्लंडमधल्या डेव्हनशरच्या ड्यूकच्या घराण्याचं. त्याच्या चॅट्सवर्थच्या काचगृहात जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने १८३०च्या दशकात मॉरिशसहून आलेली केळ वाढवली. पुढे जगाच्या बाजारात चलती झाली ती मात्र ग्रोस मिशेल या जातीची. मध्य अमेरिकेत तिच्या मैलोगणती बागा होत्या आणि सगळी झाडं एकाच अंगाची. मग मातीतून फ्युजेरियम ही बुरशी आली. एका झाडाला जे झेपलं नाही ते कुणालाच झेपणार नव्हतं. १९६०च्या सुमारास त्या बागा व्यापारातून उठल्या आणि त्यांच्या जागी कॅव्हेंडिश बसली, कारण त्या बुरशीला ती दाद देत नव्हती. आता त्याच बुरशीचा टीआर-४ हा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो. २०१९ मध्ये तो कोलंबियात पोचला. आपल्याकडे बिहार आणि उत्तर प्रदेशात सापडला आहे.

मला यात सगळ्यात विलक्षण वाटते ती पुढची गोष्ट. या बुरशीतही नर-मादीचा मिलाप आजवर कुणाला दिसलेला नाही. तीही अलैंगिक बीजाणूंनीच वाढते, आणि ते मातीत वर्षानुवर्षं दबून राहतात. खानदेशात हरण्या म्हणतात तो रोग घ्या. पानांवर पिवळे पट्टे येतात, पोंगा सडतो, बाग उपटावी लागते. त्याचा विषाणू पसरवतो मावा. उष्ण हवेत माव्याच्या माद्या नराशिवायच जिवंत पिलं घालतात. त्या पिलांच्या पोटात जन्मतानाच पुढच्या पिढीचे गर्भ वाढू लागलेले असतात आणि आठवडा-दहा दिवसांत तीही वितात. म्हणजे केळ, तिची बुरशी, तिचा मावा, तिघंही बापाविना वाढणारे. फरक संख्येचा आहे. अब्जावधी बीजाणूंत आणि माव्यांत नक्कल करताना एखादी चूक कामी येऊन जाते. केळीच्या डोळ्यात अशी चूक क्वचित होते, आणि झालीच तर कुणाच्या तरी नजरेला पडावी लागते.

बसराई अशीच, एका डोळ्यातल्या बदलातून बुटकी झालेली. तैवानच्या संशोधकांनी तर या चुकांचाच शोध घेतला. ऊतिसंवर्धनात कोंबाच्या टोकापासून बाटलीत हजारो रोपं करताना काही रोपं वेगळी निपजतात. जळगावकर अशी रोपं बाद करतात, कारण त्यांना एकसारखी बाग हवी असते. तैवानने ती रोगट मातीत लावली आणि तगलेल्यांतून फोर्मोसाना ही सहनशील जात निवडली. ऑस्ट्रेलियाने दुसरी वाट धरली. रानटी, बियांच्या केळीतला एक जनुक कॅव्हेंडिशमध्ये घालून केलेल्या वाणाला २०२४ मध्ये तिथे परवानगी मिळाली. बियांच्या वाटेने वाढलेलं ते रान टिकलं होतं, म्हणून तो जनुक हाती लागला.

आपल्या सह्याद्रीतही केळीची एक लांबची बहीण आहे. कोणी तिला कवदर म्हणतं, कोणी चवई. उन्हाळ्यात तिची पानं वाळून जातात आणि पावसाबरोबर कड्याच्या कपारीतून ती पुन्हा वर येते. तिला मुनवे फुटत नाहीत. घड पिकला की ती मरते. फळात गर नावापुरता, बाकी टणक काळ्या बियाच बिया.