विक्षिप्त स्वभाव आणि रोजचे काम

इंदूरमधील मराठी मंडळीत पुष्कळ माणसे दुकानात, कचेरीत किंवा शाळेत नोकरी करून घर चालवितात. त्यांपैकी एखाद्याविषयी ‘हुशार आहे, पण नोकरी टिकत नाही’ अशी तक्रार पाळकांच्या कानी येते. तिच्यामागे आळसच असेल असे नाही.

छिन्नमनस्कता हा मनोविकार सर्वांस ऐकून ठाऊक आहे. त्याच्याच छटेचे, परंतु सौम्य, असे काही स्वभावविशेष निरोगी म्हणून वावरणाऱ्या माणसांतही आढळतात : सहज घडलेल्या गोष्टीत स्वतःसंबंधी संकेत दिसणे, संशय, विस्कळीत बोलणे, एकान्ताची ओढ. सँडोर रादो यांनी १९५३ साली अशा व्यक्तिमत्त्वासाठी स्वतंत्र संज्ञा वापरली. पॉल मील यांनी १९६२ साली तिचा संबंध आनुवंशिक प्रवृत्तीशी जोडला. आणि १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात तिच्या तीव्र रूपाला व्यक्तिमत्त्वविकार म्हणून स्थान मिळाले. ज्यांच्या ठायी हे विशेष सौम्य असतात, त्यांपैकी बहुतेकांस छिन्नमनस्कता कधीच होत नाही. हे घरच्यांस पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

समजा, असा एक तरुण महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधील पेढीवर हिशेब लिहितो. आकडेमोडीत तो चुकत नाही. परंतु गिऱ्हाईक भाव विचारीत असता, फोन वाजत असता आणि मालक तिसरेच काम सांगत असता त्याचे अवधान तुटते. अनेक गोष्टी एकाच वेळी मनात धरून ठेवणे अशा स्वभावाच्या माणसांस बहुधा जड जाते. दोघे सहकारी कोपऱ्यात हसले, तर ते आपल्यालाच हसले असे त्याला वाटते. सामान्य बुजरेपण ओळख वाढली की ओसरते. याचे सहसा ओसरत नाही, कारण त्याच्या मुळाशी न्यूनगंडापेक्षा संशय अधिक असतो. म्हणून ‘लोकांत मिसळ, सवय होईल’ हा आपला नेहमीचा उपदेश येथे फारसा लागू पडत नाही.

आमच्या मते कामाची हानी चमत्कारिक कल्पनांपेक्षा या तुटलेल्या अवधानाने व दुराव्याने अधिक होते. अशा माणसाला काम एकेक करून, शक्यतो लेखी सांगावे. बसण्याची जागा वर्दळीपासून दूर असावी. चूक एकान्तात, पण स्पष्ट शब्दांत दाखवावी. मोघम बोलण्याने संशयाला खतपाणीच मिळते.

श्रद्धा व लक्षण यांत गल्लत होऊ नये. प्रार्थना ऐकली जाते, हा मंडळीत सर्वमान्य असलेला विश्वास विकाराचे चिन्ह ठरत नाही. निदान करताना व्यक्तीच्या समाजातील समजुती ध्यानात घ्याव्या लागतात. उलट, मंडळीलाही जे विचित्र वाटते त्यावर पिशाचबाधेचा शिक्का मारण्याची घाई नको. मात्र आवाज ऐकू येऊ लागले, संशय अढळ झाला, झोप व अन्न सुटले, तर विलंब न करता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. इंदुरात बाणगंगा येथे शासकीय मानसिक रुग्णालय आहे. शिवाय २०२२ साली सुरू झालेली ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनिसेवाही आहे.

नोकरीसाठी पाळकांकडे पुष्कळदा शिफारसपत्र मागितले जाते. त्यात निदानाचा उल्लेख करू नये. तो अधिकार आपला नाही. ‘एकट्याने करावयाचे सलग काम हा चोख करतो’ एवढे खरे असेल, तर तेवढेच लिहावे.