संगणकातील हीट पाइप : दुकानदाराने काय समजून घ्यावे?

२०१७ साली जीएसटी लागू झाला, तेव्हापासून कापड दुकान असो की छापखाना, संगणकाशिवाय हिसाब पुरा होत नाही. त्यातच वर्धा, हिंगणघाट, पुलगाव या भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. २०१८ आणि २०१९ साली रमजान ईद जूनमध्ये आली, म्हणजे वर्षाची मोठी गिऱ्हाइकी ऐन उन्हाळ्यात झाली. अशा वेळी बिल करता करता संगणक बंद पडला की दुरुस्तीवाला म्हणतो, "हीट पाइपचा कूलर बसवा." ही वस्तू काय आहे हे जाणून मगच पैसे मोजावेत.

संगणकाचे मुख्य काम प्रोसेसर नावाची चिप करते. साध्या डेस्कटॉपचा प्रोसेसर भर कामात सुमारे ६५ वॅट आणि भारी कामाचा १२५ वॅट किंवा त्याहून जास्त वीज घेतो. ही जवळजवळ सगळी वीज उष्णतेत बदलते. जुना ६० वॅटचा बल्ब हाताला चटका देत असे. तेवढीच उष्णता इथे नखाएवढ्या जागेत तयार होते. ती तिथून लवकर हलवली नाही तर प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि शेवटी संगणक बंद होतो.

हीट पाइप म्हणजे पेन्सिलीइतकी जाड, दोन्ही टोकांना बंद केलेली तांब्याची नळी. तिच्यातील हवा काढून घेतलेली असते आणि आत अगदी थोडे शुद्ध पाणी असते. आतल्या बाजूला तांब्याच्या भुकटीचा, भट्टीत तापवून जमवलेला सच्छिद्र थर असतो. नळीचे एक टोक प्रोसेसरला टेकते, दुसरे अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमध्ये जाते. त्या पत्र्यांवर पंखा वारा मारतो.

दम बिर्याणीची डेग आठवा. कणकेने झाकण बंद केले की खालच्या आचेने वाफ वर जाते, झाकणाला लागून तिचे पाणी होते आणि ते परत खाली पडते. नळीतही तेच घडते. गरम टोकाला पाण्याची वाफ होते, ती थंड टोकाकडे धावते, तिथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते. हे पाणी सच्छिद्र थरातून परत येते, जशी कंदिलाची वात रॉकेल वर ओढते. यात मोटर नाही, वीज लागत नाही.

एक ग्रॅम पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ७० कॅलरी लागतात, पण त्याची वाफ करायला आणखी सुमारे ५४० लागतात. म्हणून थोडे पाणीही पुष्कळ उष्णता वाहून नेते. नळीत हवा नसल्याने दाब कमी असतो, त्यामुळे ४०-५० अंशांवरही पाणी उकळते.

ही कल्पना जुनी आहे. जनरल मोटर्सचे रिचर्ड गॉगलर यांना १९४४ साली तिचे पेटंट मिळाले. पुढे १९६३ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे सिद्ध केली. उपग्रहांतही अशा नळ्या वापरतात.

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. हीट पाइप थंडावा निर्माण करत नाही, ती फक्त उष्णता एका जागेवरून दुसऱ्या जागी नेते. पंखा बंद असेल किंवा पत्र्यांत कचरा भरला असेल तर उष्णता जाणार कुठे? दुकानात ४२ अंश असतील तर प्रोसेसर त्याहून गरमच राहणार. कापडाचे तंतू आणि रुईची तूस हे आपल्या धंद्यातले खरे शत्रू आहेत. ती पत्र्यांमध्ये अडकून बसते आणि वाऱ्याची वाट बंद करते.

म्हणून नवा कूलर घेण्याआधी संगणक बंद करून, प्लग काढून, ब्लोअरने किंवा मऊ ब्रशने सफाई करावी. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. संगणक भिंतीला चिकटवून किंवा कापडाच्या गठ्ठ्यांत दडपून ठेवू नये. कूलर काढलाच तर प्रोसेसरवरची जुनी पेस्ट पुसून नवी लावून घ्यावी. नळी वाकवू नये, तिला छिद्र पाडू नये. एकदा आत हवा शिरली की ती निकामी झाली.

केवळ बिले आणि खातेवही असेल तर प्रोसेसरबरोबर आलेला साधा कूलर बहुधा पुरतो. भरतकामाची मोठी डिझाइने, फ्लेक्सची छपाई किंवा व्हिडिओचे काम तासन्‌तास करणाऱ्या कारागिरांना हीट पाइपचा खर्च परवडतो.

संगणकात उधारी-जमा, गिऱ्हाइकांचे हिसाब असतात. ती लोकांची अमानत आहे. तिची हिफाजत करणे हा व्यापाराच्या सचोटीचाच भाग आहे. सफाई उन्हाळ्याआधीच उरकावी आणि हिसाबाची एक नक्कल पेनड्राइव्हवर वेगळी ठेवावी. एवढे केले तर ऐन गर्दीत गल्ल्यावरचे काम अडणार नाही, इन्शाअल्लाह.