दात कशानं घासता?

सुरुवातीचे कित्येक महिने मी गरोदर बायांना एकच प्रश्न विचारत होते, "तंबाखू खाता का?" आणि रजिस्टरात एकाखाली एक "नाही" लिहीत होते. साताऱ्याकडच्या त्या गावांत कुणी बाई माझ्याशी खोटं बोलत नव्हती. तंबाखू पुरुष खातात, चुना मळून. बाया मशेरी लावतात, आणि मशेरी म्हणजे त्यांच्या लेखी दात घासणं. शेवटी एका आशाताईंनीच मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, दात कशानं घासता, असं विचारा." त्या दिवसापासून तो रकाना भरायला लागला.

मशेरी ही तंबाखूच. तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, घरभर ठसका उठतो, मग कुस्करून डबीत भरायची आणि बोटावर घेऊन हिरड्यांवर घोळवत बसायचं. भाजली की तिचं विष जळतं, असं बाया सांगतात. ते खरं नाही. हिरड्यांतून निकोटीन रक्तात उतरतं, रक्तवाहिन्या आखडतात आणि ते वारेतून बाळापर्यंतही पोचतं. मुंबईत १२१७ गर्भवतींचा मागोवा घेतलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनी कमी भरलं होतं, आणि दिवस भरण्याआधीच बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त होतं. त्यातल्या बहुतेक जणी मशेरीच लावणाऱ्या होत्या.

महिन्याच्या ९ तारखेला आमच्या आरोग्य केंद्रावर गर्भवतींची तपासणी असते. अशाच एका ९ तारखेला पाचव्या महिन्यातली एक जण समोर बसली. दुसरी खेप. पहिलं बाळ दोन किलोच्या आत भरलेलं, आणि त्या वेळच्या नोंदीत तंबाखूपुढे माझ्याच अक्षरात "नाही" होतं. ते बघून मला फार वाईट वाटलं. या वेळी दातांचं विचारल्यावर तिनं कमरेच्या पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवली. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर काळपट, नखाच्या कडेत रेघ बसलेली.

"दिसातनं किती येळा?"

"पाच. कधी सा."

व्यसन सोडवण्याची औषधं गरोदरपणात आम्ही देत नाही. बोलणं आणि मोजणं, हाच उपचार. सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस डोकं धरतं, चिडचिड होते, हे आधीच सांगून ठेवावं लागतं. नाहीतर बाईला वाटतं, बाळालाच काही झालं. मी तिच्या पाचही वेळा कागदावर उतरवल्या: उठल्यावर, न्याहारी झाल्यावर, दुपारी भांडी घासून झाल्यावर, दिवस कलताना, निजताना. कुठली सुटायची नाही? "पयली. त्याबिगर परसाकडला होत न्हाई."

इथं आमचाच हात असतो. लोहाच्या गोळ्या आम्हीच देतो, त्यांनी कोठा जड होतो, मग मशेरी वाढते. गोळी तर बंद करता येत नाही. पपई खा म्हणावं, तर पोटुशी बाई पपईला शिवत नाही. म्हणून सकाळी कोमट पाणी, रोज पालेभाजी, आणि डॉक्टरांना विचारून रात्री इसबगोल.

दुपारच्या वेळेचा उलगडा मात्र टेबलावर झाला नसता. तिच्या घरी गेले तेव्हा अडीच वाजले होते. ती, सासू आणि शेजारच्या दोघी ओट्यावर बसलेल्या, चौघींची बोटं तोंडात. आतून धाकट्या दिरानं चहासाठी हाक मारली. तिनं नुसती मान हलवली आणि तो गप्प बसला. मशेरीनं तोंड भरलेल्या बाईला कुणी कामाला उठवत नाही. पहाटेपासून राबणाऱ्या त्या बाईची दिवसातली तेवढीच काय ती बसायची वेळ. मी ती डबी काढून घेणार, म्हणजे तिचं बसणंही जाणार, हे मला त्या ओट्यावर कळलं. आमच्या माहितीपत्रकात याबद्दल एक ओळ नाही.

सासूकडे वळले. "मावशी, दुपारी हिला अर्धा तास नुसतीच बसू द्याल का?"

त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं. "नुसतीच?"

"नुसतीच. हाक आली तरी उठवायची नाही."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमास्नी कुणी बशिवलं न्हाई तसं." आणि थोड्या वेळानं, "बसंल की."

पुढच्या ९ तारखेला ती आली. पाचाच्या दोन झाल्या होत्या, सकाळची आणि निजतानाची.

"दुपारी काय करता मग?"

"बसती. सासूबाई मशेरी लावत्यात, मी बडीशेप चावती. वास आला की लई तलफ येती. म्हणून आता तवा परसात नेत्यात भाजायला."

रकान्यात २ लिहिले. इसबगोल संपलं होतं, ते पुन्हा लिहून दिलं.