करारात न लिहिलेली तारीख

सुताराशी किंवा रंगाऱ्याशी बोलणी होतात, रक्कम ठरते, इसारही दिला जातो. काम कधी संपवायचे, एवढेच लिहायचे राहते. मग पक्षकार विचारतात, "वकीलसाहेब, तारीखच नाही, आता आमचा हक्क बुडाला का?"

मी सांगतो, बुडत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ४६ प्रमाणे मुदत ठरलेली नसेल, तर काम वाजवी मुदतीत व्हावे लागते. मालाची किंमत ठरली नसेल, तर वस्तू विक्री कायदा, १९३० चे कलम ९ वाजवी किंमत धरते. करारातली रिकामी जागा भरणे म्हणतात ते हेच. मात्र नेमके काय द्यायचे तेच कळत नसेल, तर कलम २९ प्रमाणे करारच निरर्थक. न्यायालय जागा भरते, नवा करार लिहून देत नाही.

सरकारी कचेरीत ही रिकामी जागा जास्त छळते. दाखला मिळेल, पण कधी? "उद्या या." या 'उद्या'ला आपल्या मध्य प्रदेशाने २०१० साली लोकसेवा हमी कायद्याने तारीख दिली. सेवेगणिक दिवस ठरले. उशीर झाल्यास अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० रुपये दंड. ती रक्कम अर्जदाराला भरपाई म्हणून देता येते. महाराष्ट्रात असा कायदा २०१५ मध्ये आला.

'वाजवी' शब्दावर वाद घालता येतो, आकड्यावर नाही. म्हणून करारात तारीख लिहाच आणि लोकसेवा केंद्रातून पावती घेतल्याशिवाय उठू नका.