दारू रक्तात नसते

‘दारू त्यांच्या रक्तातच असते हो!’ पालघर-गडचिरोलीच्या आदिवासींबद्दल हे वाक्य चांगली शिकलेली माणसंही सहज बोलून जातात. अमेरिका-कॅनडातल्या मूळनिवासींबद्दल तिथले गोरे लोकही पिढ्यान्‌पिढ्या हेच म्हणत आले. ते खरं नाही. दारू पचवण्याच्या क्रियेतला जो ठळक जनुकीय फरक शास्त्राला माहीत आहे, तो पूर्व आशियातल्या लोकांत आढळतो. त्याने चेहरा लाल होतो, मळमळतं, आणि व्यसनाचा धोका उलट घटतो. २०१६ साली अॅरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय पाहणीचे आकडे तपासले. मूळनिवासींपैकी सुमारे ६० टक्के लोकांनी गेल्या महिन्यात थेंबही घेतलेला नव्हता. गोऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ४३ टक्के होतं.

तरी दारूपायी मरणारे मूळनिवासी जास्त आहेत, हेही खरं. त्याची कारणं शोधायला रक्तात नको, इतिहासात डोकावावं लागतं. कॅनडात सुमारे दीड लाख मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत घातलं गेलं. तिथे स्वतःची भाषा बोललं की मार बसे. पश्चिम किनाऱ्यावरच्या पॉटलॅच या सामूहिक दान-सोहळ्यावर १८८५ ते १९५१ या काळात कायद्याने बंदी होती. ज्या गोष्टींच्या आधाराने माणूस दुःख पेलतो, त्याच हिसकावून घेतल्या गेल्या.

दुसरा गैरसमज असा, की व्यसनात अडकलेल्या वस्तीला बाहेरून कुणी तरी येऊन वाचवावं लागतं. ब्रिटिश कोलंबियातल्या अल्कली लेक या गावाची हकीकत मला इथे फार मोलाची वाटते. हे एस्केटेमक लोकांचं गाव. अख्खं गाव दारूत बुडालेलं. १९७२ साली आजीकडे ठेवलेली सात वर्षांची मुलगी घरी यायला तयार होईना. तुम्ही फार पिता, म्हणाली. आईने, फिलिस चेल्सीने, त्याच दिवसांत बाटली सोडली, मागोमाग नवऱ्याने, अँडीने. पुढे तो गावचा प्रमुख झाला. चोरून दारू विकणाऱ्यांना त्यांनी पोलिसांत दिलं. सरकारी मदत दारूत उडायची, म्हणून रोख रकमेऐवजी किराणा मिळेल अशा चिठ्ठ्या दिल्या. कुणी उपचाराला गेलं की मागे त्याची मुलं शेजारी सांभाळत आणि माणूस परतायच्या आत त्याच्या घराची डागडुजी झालेली असे. पुसट होत चाललेले विधी त्यानंतर परत आले. १९८५च्या सुमारास गावात पिणारे अगदी थोडे उरले होते. त्याच सुमारास या कहाणीवर चित्रपट निघाला, तेव्हा गावकऱ्यांनी स्वतःच्याच भूमिका केल्या.

त्या विधींपैकी एक म्हणजे घाम-झोपडी. लवचिक फांद्या वाकवून केलेला बुटका घुमट, त्यावर जाड पांघरुणं. आत मिट्ट काळोख, मधल्या खड्ड्यात लालबुंद तापलेले दगड. त्यांवर पाणी पडलं की वाफ अंगावर येते. पाळीपाळीने एकेक जण बोलतो, बाकीचे ऐकतात. याला कुणी अंधश्रद्धा म्हणेल. पण वर्षानुवर्षं ज्याच्याशी कुणी धड बोललं नाही, त्याला आपल्या भाषेत, आपल्या माणसांत मन मोकळं करता येतं, ही गोष्ट लहान नाही.

आपल्याकडे यावर लगेच प्रश्न येतो: आदिवासींच्या देवकार्यात मोहाची दारू लागतेच, मग संस्कृतीकडे वळायचं म्हणजे पुन्हा दारूकडेच ना? देवाला धार सोडणं वेगळं आणि गुत्त्यावर रोज मजुरी उधळणं वेगळं. हा गुत्ता आला कुठून, तेही पाहावं. इंग्रजांच्या १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने घरची भट्टी गुन्हा ठरली आणि ठेकेदाराची दारू विकत घेणं भाग पडलं. १८९२मध्ये तर मोहाची फुलं साठवण्यावरही निर्बंध आले. आणि १९२२ साली पालघरच्या किनाऱ्याकडून सुरू होऊन दक्षिण गुजरातभर पसरलेली सलाबाई देवीची चळवळ आठवा: देवी अंगात आलेली माणसं सांगत होती, दारू-ताडी सोडा. दारू सोडायचा हुकूम आदिवासींना त्यांच्याच देवीने दिला होता. गडचिरोलीत १९९३ची दारूबंदीही गावोगावच्या लोकांच्या रेट्याने आली, आणि आदिवासी भागांसाठीच्या १९९६च्या पेसा कायद्याने दारूबंदी लागू करण्याचा किंवा विक्रीवर निर्बंध घालण्याचा अधिकार ग्रामसभेकडे दिला.

एक गैरसमज मात्र जिवावर बेतू शकतो: परंपरा आहे तर औषध कशाला? रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर झटके येतात, भ्रम होतो, कधी माणूस दगावतो. ते दिवस डॉक्टरच्या नजरेखालीच काढावेत. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्विनोमिश जमातीने २०१८ साली सुरू केलेल्या दिडग्वालिक केंद्रात अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर मेथाडोन हे औषधच देतात, समुपदेशन तिथेच होतं, रुग्णांना आणायला गाड्या जातात, आईवडील आत असताना मुलं सांभाळायचीही सोय आहे. केंद्र जमातीचं आहे, पण शेजारच्या गावांतले गोरे रुग्णही तिथे उपचाराला येतात.