मूल्य अंगवळणी कसं पडतं?

मूल्य म्हणजे निवड करताना आपण जिला मान देतो ती गोष्ट: प्रामाणिकपणा, काटकसर, श्रमाची कदर. ते मनात असलं तरी वागण्यात उतरतंच असं नाही. ते कसं उतरवतात, हे वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला पाहता येतं. १९३६ मध्ये गांधीजी तिथे राहायला आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं.

आधी मूल्याला नाव द्यावं. गांधीजींच्या तिथल्या आश्रमात एकादश व्रतं, म्हणजे अकरा नेम होते. सत्य, अस्तेय (चोरी न करणं), शरीरश्रम, अस्पृश्यता न पाळणं वगैरे. आपण एकाच मूल्यापासून सुरुवात केलेली बरी.

मग त्याला काम आणि वेळ जोडावी. बहुतेकांचं इथेच फसतं. ‘श्रमाची कदर करीन’ हे ऐकायला छान, पण त्यातून उद्या सकाळी नेमकं काय करायचं ते कळत नाही. आश्रमात शरीरश्रम म्हणजे सूत कातणं आणि संडाससफाईही स्वतः करणं. आपल्या घरात त्याचा अर्थ असा होऊ शकतो: धुणंभांडी करणाऱ्या बाईंचा पगार एक तारखेला, त्यांनी मागायच्या आत द्यायचा. श्रमावर भाषण देऊन त्यांच्या खाड्यांचे पैसे कापणारी माणसं थोडी नाहीत.

नंतर रोजनिशी. गांधीजी आश्रमवासीयांना ती लिहायचा आग्रह करत. पाळलं की नाही, एवढी एक ओळ पुरते. हुकलं तर वेळ काय होती, समोर कोण होतं, तेही टिपावं.

खरी अडचण दोन मूल्यं आमनेसामने आली की होते. येरवडा तुरुंगात गांधीजींसोबत असलेले संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री यांना कुष्ठरोग झाला होता. ते १९३९ मध्ये सेवाग्रामला आले. त्या काळी या रोगाची धास्ती मोठी होती. एकीकडे आश्रमातल्या इतरांची काळजी, दुसरीकडे माणसाला दूर न लोटण्याचा नेम. गांधीजींनी त्यांना वेगळी झोपडी दिली, पण आपल्या कुटीजवळच, आणि स्वतः त्यांना मालिश करू लागले. परचुरे कुटी आजही आश्रमात पाहायला मिळते.

अशा पेचात आपण बहुधा एक मूल्य सरळ सोडून देतो. त्याआधी दोन्हींचा थोडा थोडा मान राखणारी जागा किंवा वेळ सापडते का, ते शोधावं.

महिनाभर नेम सतत हुकला तर आधी त्याची वेळ बदलून पाहावी. तरीही हुकला, तर ते मूल्य आपलं आहे की पाहुण्यांना सांगण्यापुरतं, हे स्वतःला विचारायला हरकत नाही.