खिडकी बंद केली, पण काम चालूच! रिमोट डेस्कटॉप समजून घेऊया



सोसायटीचे हिशेब, डिझेलच्या नोंदी, सभासदांची यादी हे सगळं एका सर्व्हरवर ठेवायचं आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून तिथं जोडून काम करायचं, ही पद्धत आता रुळली आहे. विंडोजमध्ये त्यासाठी ‘रिमोट डेस्कटॉप कनेक्शन’ हा प्रोग्राम आधीपासूनच असतो.

यात हिशेबाचा प्रोग्राम चालतो तो सर्व्हरवर. आपल्याकडून फक्त कीबोर्ड आणि माऊसचे इशारे जातात, तिकडून पडद्यावरचं चित्र येतं. म्हणून आपला कॉम्प्युटर जुना असला तरी चालतं. पावसात आपल्याकडची लाईट गेली, नेट तुटलं, तरी सर्व्हर चालू असेल तोवर अर्धवट लिहिलेली नोंद तिकडे तशीच उघडी राहते. पुन्हा जोडलं की तिथूनच पुढे.

मेख इथेच आहे. फुलीवर क्लिक करून खिडकी बंद केली, तर जोडणी तुटते, काम मात्र सर्व्हरवर उघडंच राहतं. मग ती फाईल अडकते आणि दुसऱ्याला त्यात लिहिता येत नाही. म्हणून काम झालं की सेव्ह करा आणि सर्व्हरच्या स्टार्ट मेनूतून ‘साइन आउट’ करा.

जोडण्याआधी ‘शो ऑप्शन्स’मधलं ‘लोकल रिसोर्सेस’ बघा:

▪ प्रिंटर: टिक असेल तर सर्व्हरवरची पावती आपल्याच प्रिंटरवर निघते.
▪ क्लिपबोर्ड: इकडे कॉपी, तिकडे पेस्ट.
▪ ड्राइव्ह: आपल्या डिस्कवरच्या फायली सर्व्हरला दिसतात. गरज असेल तेवढ्यापुरतीच टिक ठेवा.

आता सुरक्षेचं. ही जोडणी सहसा 3389 या पोर्टवरून होते. तो इंटरनेटवर सरळ उघडा ठेवू नका, पासवर्ड ओळखून आत घुसू पाहणारे तिथं येतातच. 2019 मध्ये सापडलेल्या ‘ब्लूकीप’ त्रुटीतून तर पासवर्डशिवायही आत शिरता येत होतं. धोका एवढा मोठा, की सपोर्ट संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली.

म्हणून बाहेरून जोडायचं तर व्हीपीएनमधूनच. अपडेट टाळू नका. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं ठेवा. आणि चारजण वापरतात त्या कॉम्प्युटरवर पासवर्ड कधीच सेव्ह करू नका.

बोट नीट बांधल्याशिवाय आपण धक्का सोडत नाही. साइन आउट केल्याशिवाय टेबलही सोडू नका.